मोरपंखी गुंडा

मानवतच्या बसस्टँडवर अंबिकाबाई परभणीच्या गाडीची वाट बघत होत्या. नचिकेत, त्यांचा परभणीचा नातू, उंच झाला होता. गेल्या दिवाळीला विणलेल्या त्याच्या स्वेटरच्या बाह्या वाढवायला उरलेला मोरपंखी लोकरीचा गुंडा पिशवीत होता. शेजारी दोघी बोलत होत्या.

“नवाकोरा स्वेटर कामून उसवायलीस गं?”

“पोरीला दिवाळीला फ्रॉक इनते.”

“आणलास कुठून?”

“परभणीत जुन्या कपड्यावर भांडे देते न्हाई का मी? एका मॅडमनं पातेल्यावर दिला.”

“न घालताच?”

“सासूनं इनलाय म्हणल्या, टोचतो. खिशावर नचिकेत नाव बी होतं, तेच आदी उसवलं. आता लोकर कमी पडायली बघ.”

अंबिकाबाईंनी पिशवीतला गुंडा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

“अगं माय! ह्योच की रंग! तुमाला कुठं भेटला, मावशी?”