चतुराबाईची जांभळी चिंधी

जबाब
दि. १८/०२/२०२५

मी, दुर्गाबाई ज्ञानदेव गायसमुद्रे, वय ५६ वर्षे, धंदा – वायसर कटिंग, राहणार मेदनकरवाडी, चाकण, मूळ गाव ता. औसा, जि. लातूर. धंद्याच्या जागी हवालदार साहेबांनी अगोदर 'घरकाम' लिहिले होते. ते मी बदलून घेतले आहे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी बावीस वर्षांपासून भाड्याच्या खोलीत राहते. जयसिंग ठेकेदार यांच्या गोदामातून रबरी वायसरांची (वॉशरची) पोती घरी आणायची, कडेला राहिलेले जादा रबर ब्लेडने काढायचे आणि पोते परत पोचवायचे, हे काम मी व आमच्या चाळीतील इतर नऊ बाया करतो. वायसर पुढे गाड्यांना लागतात असे ऐकून आहे.

पोत्यावर आमचे नाव नसते. चिठ्ठी लावली तर रबराच्या भुकटीने काळी होते, शिवाय तेव्हा आमच्यातल्या दोघींनाच लिहिता येत होते. म्हणून मयत चतुराबाई साहेबराव ढवारे हिने पहिल्याच वर्षी आपल्या जुन्या जांभळ्या लुगड्याची चिंधी फाडून पोत्याचे तोंड बांधले. मग प्रत्येकीने आपापल्या साडीचा रंग धरला. माझा पोपटी. माल खराब निघाला की ठेकेदार दारात येऊन म्हणायचे, "पोपटीवाली, कडा राहिल्यात." चतुराबाईच्या पोत्यासाठी ते एकदाही आले नाहीत.

त्या वेळी चाळीसमोर मोकळे रान होते. आता तिथे कंटेनर उभे राहतात. दुपारी बाभळीखाली आम्ही दहाजणी गोल करून बसायचो. चतुराबाई जात्यावरच्या ओव्या म्हणायची आणि त्यात ठेकेदाराच्या मिशा घालायची. हसता हसता ब्लेड लागायचे, बोटाला चुना लावून पुन्हा बसायचो. हे गुन्ह्याशी संबंधित नाही असे हवालदार साहेब म्हणाले. मी म्हणाले, आहे, लिहा. काम तेव्हाही मरणाचे होते, पण ते दिवस आठवले की मला अजून बरे वाटते.

चतुराबाई मागच्या दिवाळीत वारली. तिची सून रुपाली, वय २८, हिने गेल्या आठवड्यात कटिंग सुरू केले. ती पंजाबी ड्रेस घालते, फाडायला तिच्याकडे जुनी साडी नाही. सासूचे राहिलेले लुगडे काढून तिने त्याचीच चिंधी पोत्याला बांधली. मी तिला म्हणाले, "पोरी, तुझा रंग वेगळा धर, घोटाळा होईल." ती म्हणाली, "मावशी, तेवढंच आत्याबाईंचं हाताशी राहतंय." गाठही ती सासूसारखीच मारते.

आम्हा नऊजणींची कामगार म्हणून नोंद व्हावी, ओळखपत्र मिळावे, असा अर्ज आम्ही जानेवारीत केला होता. त्यावरून काल दि. १७ रोजी सकाळी ११ वाजता कामगार कार्यालयाच्या विजयश्री मॅडम गोदामात आल्या. ठेकेदार त्यांना म्हणाले, "आमी घरी काम देतच न्हाई. या बायांना मी वळखत न्हाई." मॅडम तिथून चाळीत आल्या, तर रुपालीच्या दाराशी वायसरांचे तयार पोते होते. दुपारी ठेकेदारांनी येथे पोलीस ठाण्यात येऊन फिर्याद दिली, की रुपालीने ते पोते गोदामातून चोरले. ही फिर्याद खरी धरली तर रुपाली चोर ठरते आणि आम्ही कोणीच कामगार ठरत नाही.

आज सकाळी १० वाजता मी येथे आले. रुपाली बाकावर बसून होती. पोते टेबलावर होते. ठाण्याचे फौजदार रणजीत साहेबांनी ठेकेदारांना विचारले, या चाळीतल्या बायांपैकी कोणाला ओळखता का. ते म्हणाले, "एकीलाबी न्हाई साहेब." नंतर साहेबांनी मला पोत्याबद्दल विचारले. मी सांगितले, चिंधी रुपालीने बांधलेली आहे. त्यावर ठेकेदार लगेच म्हणाले, "खोटं बोलती साहेब ही. जांभळी चिंधी चतुराबाईची हाय. वीस वरसं बघतोय, तिची गाठ म्या झोपेतबी वळखीन."

साहेबांनी विचारले, ही चतुराबाई कोण. ठेकेदार म्हणाले, "आमच्याकडं कामाला—" आणि थांबले. मग साहेबांनी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. रुपाली रडू लागली. मलाही रडू आले, पण ते मी आवरले.

पोते व चिंधी पंचांसमक्ष जप्त केली आहे. चिंधी नंतर परत मिळेल असे साहेब म्हणाले. मला व रुपालीला ती परत नको. चतुराबाईने वीस वर्षांहून जास्त काम केले, पण ते कोणत्याही हजेरीत, कोणत्याही कागदावर नाही. चिंधीच्या पाकिटावर तिचे पूर्ण नाव लिहावे, नावापुढे कामगार असे लिहावे, आणि ते पाकीट सरकारी फायलीतच ठेवावे, एवढी विनंती आहे.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला वाचून दाखवला. चतुराबाईच्या नावाचा भाग मी दुसऱ्यांदा वाचायला लावला. मी सांगितले तसेच लिहिले आहे. अंगठ्यासाठी शाईचे पॅड पुढे केले होते, ते मी बाजूला ठेवले व सही केली.

(सही)
दुर्गाबाई ज्ञानदेव गायसमुद्रे