हुमणीचे प्रौढ

आमच्या मामांची गंमत सांगते. हातकणंगल्याजवळ त्यांचा ऊस हाय. गेल्या वर्षी अर्धा ऊस हुमणीच्या अळीनं मुळातनं खाल्ला. म्हणून यंदा कृषी सहायकांचा मेसेज आला, ‘हुमणीच्या बंदोबस्तासाठी प्रौढ संध्याकाळी कडुलिंबाखाली गोळा करावेत.’

मी पोचले, तर लिंबाखाली गल्लीतली पाच म्हातारी माणसं बसलेली.

“मामा, ही कशाला?”

“प्रौढ गोळा केल्यात की! आता साहेब काय सांगतोय बघायचं.”

मी बीएस्सीला कीटकशास्त्र शिकलेली. म्हटलं, “मामा, आधी अंडी, मग अळी, मग कोष आणि शेवटी पूर्ण वाढलेला किडा, म्हंजे प्रौढ. हुमणीचा प्रौढ म्हंजे हा भुंगेरा.” आणि मी फांदी हलवली. भुंगेरे सगळ्यांच्या अंगावर पडले.

मामा आणखीच गोंधळले. “ह्यो तर लिंबाचा पाला खातोय. ऊस कुठं खातोय?”

“ऊस ह्याची पिल्लं खात्यात.”

“म्हंजे खाल्लं पोरांनी, आन मारायचं आईबापास्नी?”

“व्हय, मामा.”

हे ऐकून त्यातले एक तात्या टोपी झटकत उठले. “चला रं घरला. आमच्या पोरानं काय काय करून ठेवलंय, म्हायती हाय न्हवं?”