फोडणीची हवा

...नाही, पण हवा फुकट असते असं म्हणतं कोण? त्याला आणा एकदा माझ्याकडे. आमच्या कंप्रेसर-रूममध्ये उभा करा, ते गरागरा फिरणारं विजेचं मीटर दाखवा आणि म्हणा, घे बाबा, घे आता श्वास!

तुम्हाला सांगतो, आमचा प्लास्टिकच्या बाटल्यांचा कारखाना. बाटली होते कशी? फुगवून. आणि ती फुगवायला हवा लागते ती अशी आपण फुंकर मारतो तसली नाही, चांगली ठासून दाबलेली. ती दाबतं आमचं धूड, म्हणजे तीन टप्प्यांचा कंप्रेसर. पहिला टप्पा थोडी दाबतो, दुसरा आणखी दाबतो, तिसरा तिचा पार जीव काढतो, आणि हे करताना वीज अशी पितो की बाकीचा सगळा कारखाना मिळून तेवढी पीत नसेल. हे धूड सांभाळायचं काम माझं. म्हणजे होतं... सांगतो.

तर एक दिवस मालकीणबाई आल्या. त्या ओरडत नाहीत, हीच तर पंचाईत. ओरडणाऱ्याचं बरं असतं, ओरडून झालं की संपलं. या गोड हसल्या आणि म्हणाल्या, विजेचा खप कमी होतोय का बघू, नाहीतर नवीन मशीन आणू, ते म्हणे आपलं आपणच चालतं, मग तुम्हाला पॅकिंगला घेऊ.

पॅकिंगला! तुमच्या डोळ्यांसमोर खोकी आली असतील. माझ्या डोळ्यांसमोर आला माझा मेव्हणा. पॅकिंगचा सुपरवायझर! बायकोचा धाकटा भाऊ हो, ज्याला मी सायकल शिकवली, मागे धावून धावून माझ्या चपला झिजल्या, तो आता मला सांगणार, "दाजी, खोकं उलटं लावलंत"? त्यापेक्षा मी त्या कंप्रेसरमध्ये शिरून तिन्ही टप्प्यांतून बाहेर आलो असतो.

मग काय, लागलो कामाला. वीज वाचवायचा सल्ला देणाऱ्या एक मॅडम आल्या. त्यांनी धुडाला हात लावला, चटकन मागे घेतला आणि म्हणाल्या, याला ताप आहे. हवा दाबली की तापते, तापली की फुगते, आणि फुगलेली हवा दाबताना पुढच्या टप्प्याला घाम फुटतो. म्हणून दोन टप्प्यांच्या मधे तिला पाण्याच्या कूलरमधून न्यायची, गार करायची, मग पुढे ढकलायची. आमचे कूलर उघडले तर आत बादलीला चढतो तसला पांढरा थर, हा एवढा! घासला, धुतला, खरवडला... माझी नखं गेली, पण ताप उतरला.

मग गळती. साबणाचं पाणी घेऊन एकेका जोडावर लावत फिरलो, जिथं बघावं तिथं फेस. पण खरी गळती पाइपांना नाहीच, माणसांना! एकजण पाइपाच्या टोकाला असते त्या हवेच्या बंदुकीनं शर्टावरची धूळ उडवतोय, दुसरा धुतलेला डबा वाळवतोय, आणि आमचे स्टोअरवाले काका तर बंदूक मानेमागे बांधून डोळे मिटून बसलेले. मी म्हटलं, काका, हे काय? तर एक डोळा उघडून म्हणतात कसे, "अरे, हवाच तर आहे." हवाच तर आहे! फुकट असते ना हवा!

पण मीटर हळूहळू निवायला लागलं हं. मी खूश. मॅडम म्हणाल्या, आता शेवटचं. हा कंप्रेसर श्वासात हवा घेतो ती कुठली? याच खोलीतली. खोलीची झालीय भट्टी. बाहेरची गार हवा द्या याला.

आता मशीन बंद ठेवता येतं ते फक्त सुट्टीच्या दिवशी. म्हणून सुट्टीच्या दिवशी गेलो, कारखान्याभोवती फिरलो, आणि मागच्या बोळात अशी जागा सापडली, अहाहा! सावली, झुळूक, शांतता. मलाच तिथं झोपावंसं वाटलं. भिंतीला भोक पाडलं, पाइप बाहेर काढला, घरी जाऊन बायकोला सांगितलं, तुझ्या भावाला निरोप दे, मी येत नाही म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू. सगळं झकास. जरा वेळानं बघतो तर जो तो नाक वर करून फिरतोय. शर्ट झटकणारा म्हणाला, मला सकाळपासून भूक का लागलीय? मशीनवरची माणसं एकेक करून कँटीनकडे निघाली. आणि मग तपासणीच्या बाई आल्या, हातात नवीकोरी बाटली. माझ्या नाकाखाली धरली. "वास घ्या."

घेतला.

"काय येतोय?"

काय सांगू? कांदा परतल्याचा! चांगला तांबूस होईपर्यंत! अहो, तो बोळ म्हणजे कँटीनच्या धुराड्याची मागची बाजू. सुट्टीच्या दिवशी कँटीन बंद, मला काय स्वप्न पडणार? आमचा कंप्रेसर सकाळपासून फोडणी ओढून घेत होता, तीन टप्प्यांत दाबत होता, मधेमधे गार करत होता आणि बाटल्यांत भरत होता! आचाऱ्याकडे गेलो, धुराडं जरा वळव म्हटलं, तर तो झारा रोखून म्हणाला, धुराडं आधी की पाइप आधी? बरोबरच होतं त्याचं. शेवटी पाइप फिरवून पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत नेला, वासाच्या बाटल्या बाजूला काढल्या, आणि जीव मुठीत धरून मालकीणबाईंची वाट बघत बसलो. हवा फुकट! मला विचारा!

त्या आल्या. मीटर बघितलं. परत बघितलं. गोड हसल्या. म्हणाल्या, "कमाल केलीत हो. नवीन मशीन मुळीच नको."

माझी छाती अशी फुगली, तुम्हाला सांगतो, बाटलीचं मशीन लाजलं असतं.

"आणि आता हे इतकं छान चालतंय," त्या म्हणाल्या, "की याच्यापाशी दिवसभर बसायलाही नको, नाही का? सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी. मधल्या वेळात पॅकिंगला हात द्या."

घरी येऊन सांगितलं, तर बायकोच्या आनंदाला पारावार नाही. नवरा आणि भाऊ एकाच खात्यात! म्हणाली, मग दोन घरचे दोन डबे कशाला, वीज तुम्हीच वाचवायची का, मी गॅस वाचवते. आता एकच मोठा डबा येतो दोघांत. रोज मीच उचलून नेतो... आणि साहेबांचं जेवून झालं, की उरलेलं जेवतो.