ईरण्णाचा उजवा पाय

चिटगुप्प्याच्या थांब्यावर बसची वाट बघत दोघी माझ्यामागं बसल्या होत्या.

“लिंगम्मा, तुझा पुतण्या गेला म्हणं? कॉलेजात फुटबॉल खेळायचा तो?”

“व्हय अक्का. गुलबर्ग्यात मॅचमध्ये गोलाकडं पळतानाच पडला.”

“अगं बाई! रझाकारांतनं वाचलेलं पोरगं!”

“आमच्यात मांडी घालून बसवून पुरतेत. तर त्याचा उजवा पाय काही केल्या वाकंना. चौघं दमले. मोडावा लागतोय म्हणले.”

“मोडला?”

“त्याच्या आईनं मोडू दिला न्हाई. कानाशी वाकून म्हणली, ‘ईरण्णा, तुझा गोल झालाय. बस आता.’”

“मग?”

“पाय आपसूक दुमडला.”

“खरंच झालता व्हय गोल?”

“हळू बोल, अक्का. बॉल बाहेर गेलता.”