मावशीचं गाणं आणि सर्व्हरची परवानगी

अरे, विजय नगरच्या घरी मी जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला आणि गेलेल्या मावशीच्या गाण्यांची रेकॉर्डिंग त्यात टाकली. आईनं आपल्या लॅपटॉपवरून फोल्डर उघडलं, तर 'परवानगी नाही' असं आलं.

"काहून रे? सख्ख्या बहिणीचं गाणं ऐकायला मला परवानगी लागते?"

"थांब आई, करून राहिलो."

ऑफिसातही सर्व्हरच सांभाळतो, हे तर आपलं रोजचं काम. फाइली माझ्या नावानं चढल्या होत्या, म्हणून फक्त मलाच उघडत होत्या. फोल्डरची मालकी आईच्या नावावर केली आणि मावशीचा आवाज घरभर घुमला.

आई डोळे मिटून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "अच्छा, अजून इथंच सूर सोडते. शेवटपर्यंत ऐकलं नाही तिनं माझं."