डॉक्टर तेव्हा तिथे होते का?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, दुसऱ्या रुग्णालयाहून खास आलेले प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती सर्जनसाहेब, प्रशासकबाई, माझे डॉक्टर सहकारी, परिचारिका भगिनी, आणि कोणीच निमंत्रण दिलं नाही म्हणून मी स्वतः बोलावलेल्या, शेवटच्या रांगेतल्या ताई,

सर्वांना नमस्कार. मी भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवणं हाच माझा धंदा, तेव्हा मला माइकपुढे उभं करण्यात प्रशासकबाईंना काही धोका वाटला नसावा. "मॅडम, दोन गोड शब्द बोला आणि बसा," असं त्यांनी बजावलंय. तर, साहेबांच्या हाताला विलक्षण सफाई आहे. इतका सुबक टाका मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. हे अगदी मनापासून. झाले गोड शब्द.

आता ताईंविषयी. त्या कपडे शिवतात. जिन्यावरून पडल्या, उजवं मनगट मोडलं. हाडाला धातूची पट्टी बसवायची होती. मी भूल दिली, साहेबांनी छेद घेतला, आणि शेजारच्या खोलीत दुसरा रुग्ण टेबलावर घेऊन ठेवला होता, तिकडे निघून गेले. शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "तू कर, मी आलोच." आलेच नाहीत. मी निरोप पाठवला. उत्तर आलं, "मॅडमना म्हणावं, तुमचं भुलीचं तेवढं बघा." पट्टी बसली, पण नस दुखावली. आज ताईंना चिमटीत सुई धरता येत नाही. आणि दोष कोणाचा? म्हणे, त्या शिकाऊ पोरीचा! तळपायाची आग मस्तकात जाते हो.

ताईंचा प्रश्न एकच होता. "डॉक्टर तेव्हा तिथे होते का?" साहेब म्हणाले, होतो. मग चौकशी समिती बसली. आम्ही बंद दाराआड जबाब दिले. निकालाच्या दिवशी ताई ठेवणीतले कपडे घालून, नणंदेला बरोबर घेऊन आल्या. त्यांना दारातूनच सांगितलं, "साहेबांनी राजीनामा दिलाय, समिती बरखास्त झाली." नणंद म्हणाली, "अहो, ते नोकरी सोडून गेले म्हणजे आमच्या वहिनीचा हात बरा झाला का?"

निकाल काही तयार झाला नाही. आज मात्र पुष्पगुच्छ तयार आहे, मानपत्र तयार आहे. चौकशीच्या खुर्चीतून उठायचं आणि सत्काराच्या खुर्चीत बसायचं, ही कुठली शिस्त? बरं, हे पहिल्यांदा घडतंय का? रुग्णावर हात उगारणाऱ्या एका डॉक्टरांनाही आपण असाच निरोप दिला होता. त्यांच्या मानपत्रात 'तत्पर' हा शब्द होता. टाळ्याही चांगल्या पडल्या होत्या.

प्रमुख पाहुणे, आपण साहेबांना विभागप्रमुख म्हणून नेताय. ते इथून का निघाले, हे आपण आमच्यापैकी एकाला तरी विचारलंत? आणि आमच्या बाजूनेही कोणी तोंड उघडलं नाही. अडचण गेली, हात झटकले! उद्या तुमच्याकडे कोणाची आई, कोणाची भावजय त्या टेबलावर डोळे मिटून पडेल, ती आपल्या दोन्ही रुग्णालयांच्या भरवशावर. तिचं काय?

हो, अध्यक्ष महोदय, चिठ्ठी मिळाली. आटोपतेच.

समितीपुढे बोललेलं बाहेर सांगणार नाही, असं मी कबूल केलं होतं. आता समितीच ठेवली नाहीत, तर मी गुप्तता राखायची कोणाची? ताई, तुम्ही बेशुद्ध होतात. मी तुमच्या उशाशी शेवटपर्यंत बसून होते. डॉक्टर तिथे नव्हते. साहेब समोर बसलेले असताना सांगतेय. कोर्टात बोलावलंत तर तिथेही हेच सांगेन.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. ताईंच्या हाताचं जे झालं, ते मात्र पोटात घालू नका.