वीसपट डोंगर

शपथेवर सांगतो साहेब, लिहून घ्या – त्या चित्रात माझ्या मनाचा एक खडाही नाही. यानानं मोजलं, संगणकानं मांडलं, मी नुसती कळ दाबली. आता रंग माझा आहे, तेवढं सोडा. शुक्रावर कायमचे ढग, कॅमेऱ्याला खालचं काही दिसत नाही, यान वरून रडारनं उंच-सखल मोजतं नि आकडे पाठवतं – आकड्याला कुठला आलाय रंग? मी नारिंगी दिला. सगळेच देतात. आणि उंची – हां, उंची थोडी ताणली. थोडी म्हणजे वीसपट. असे बघू नका, या कामात ताणतातच, फक्त खाली पाटीवर तसं लिहायचं असतं.

न ताणता काय दिसतं, माहितीये? आठ महिने तेच लावलं होतं या प्रदर्शनात, याच भिंतीवर. ज्वालामुखी, अगदी मापात – आणि लोक त्याच्यापुढे उभे राहून मला स्वच्छतागृह कुठंय ते विचारायचे. आमची ही एकदा आली, बघितलं, म्हणाली, चादर नीट घालायची राहिलीय वाटतं. बावीस वर्षं डोळे फोडले साहेब, ते या चादरीपायी! मग ताणली उंची – दुसऱ्या दिवशी भिंतीपुढे रांग, संचालकांनी पाठ थोपटली. आणि आता कोण त्या भूगोलाच्या बाई येतात, चित्राला कोनमापक लावतात, चढ पंचेचाळीस अंश म्हणून वर्गभर वह्यांत उतरवून देतात, नि मग खरा आकडा कळला की तक्रार आमच्यावर, चौकशीला तुम्ही. खरा चढ किती? तीन. सायकलवरून जाल, शीळ घालत. चूक आहे, नाही कोण म्हणतो? पण ती चित्राची नाही, पाटीची. मी ओळ दिली होती – उंची वीसपट ताणलेली आहे – आणि आमच्या पाट्या करणाऱ्या बाईंनी ती उडवली. म्हणे, "काका, त्या ओळीनं सगळी मजाच जाते हो." इथंच उभ्या होत्या, हातात पट्टी घेऊन –

काय म्हणालात? आजच काढणार त्यांना? एका ओळीपायी? अहो, ताकीद द्या, समज द्या – हंगामी आहेत म्हणून काय झालं, माणूसच आहेत ना? त्यांनी काय सांगितलं तुम्हाला? नुसतं, काका म्हणत असतील तर तसंच असेल – एवढंच?

पेन ठेवा जरा. नाही, नको, उचला. चढ तीन अंश, ते खरं. चादर खरी. रांग खरी – म्हणजे सात-आठ जण होते. ती पट्टी, ती मजा, बाईंचं ते वाक्य – ते मी आत्ता जुळवलं, तुमच्यासमोर बसून. ओळ मी दिलीच नव्हती. त्यांनी दोनदा विचारलं होतं, काका, खाली काही लिहायचंय का? दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.

लिहिलंत? मग निघा आता. दार ओढून घ्या.